पाण्याइतकाच काठ

पाणमांजरांचा अभ्यास करते असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पाणी येतं. खोल डोह, बुडी मारणारं तुकतुकीत अंग, मासा तोंडात धरून वर आलेलं चपटं डोकं. ते चित्र खरंच आहे. पण माझ्या कामाचा बहुतेक वेळ पाण्याकडे पाठ करून जातो. मी काठ बघत चालते. ओल्या वाळूवरचे ठसे, दरडीतली बिळं, खडकावर वाळून पांढुरकी झालेली विष्ठा, उंबराच्या मुळांखालची घळ, अंग घासून घासून गुळगुळीत झालेली चिखलातली वाट. कोकणातल्या वाशिष्ठी नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या पऱ्यांच्या, म्हणजे ओढ्यांच्या, काठानं इतकी वर्षं चालल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. ऊद, म्हणजे पाणमांजर, जेवतो पाण्यात, पण राहतो काठावर. नदीत पाणी किती, हे आपण रोज मोजतो. तिला काठ किती उरला, हे कुणी मोजत नाही. आणि ऊद नाहीसे व्हायला सुरुवात होते ती तिथूनच.

असं का, हे त्याच्या अंगातच आहे. देवमाशाच्या किंवा सीलच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, थंड पाण्यातही तो ऊब धरून ठेवतो. उदाला तो थर नाही. त्याची सगळी भिस्त केसांवर. आतले दाट, बारीक केस हवा धरून ठेवतात आणि वरचे राठ केस पाणी आत शिरू देत नाहीत. हे आवरण मळलं, चिकटलं की गारवा थेट कातडीला भिडतो. म्हणून शिकार आटोपली की ऊद बाहेर येतो, वाळूत लोळतो, गवतावर अंग पुसतो, एकमेकांचे केस चाटून साफ करतो. त्यासाठी कोरडी, मोकळी, निवांत जागा लागते. अंगातली ऊब टिकवायला खाणंही भरपूर लागतं; आमच्याकडच्या मोठ्या उदाला दिवसाला किलोभर मासळी लागते. आणि पिल्लं? ती जन्मतः पोहत नाहीत. दहाएक दिवसांनी डोळे उघडतात, पाण्यात नीट उतरायला दोन महिने लागतात. तोवर त्यांचं सगळं जग म्हणजे काठातलं एक बीळ.

जगात उदांच्या १३ जाती मानतात, त्यांतल्या तीन भारतात आहेत. कोकणातल्या नद्यांत आणि खाड्यांत दिसतो तो मऊ केसांचा ऊद, सात ते अकरा किलो वजनाचा, कुटुंबानं राहणारा, सपाट शेपटीचा. संथ, रुंद नद्या, तलाव, खारफुटी, भातखाचरं या त्याच्या जागा. दुसरा आखूड नख्यांचा. जगातल्या उदांत सर्वांत लहान. कूर्ग, निलगिरी, अन्नामलाईच्या डोंगरओढ्यांत दगडांच्या फटींत बोटं घालून खेकडे शोधणारा. तिसरा युरेशियन, हिमालयातल्या थंड प्रवाहांचा रहिवासी. २०१६ मध्ये मध्य प्रदेशात सातपुड्याच्या जंगलातल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांनी तो टिपला, तेव्हा मध्य भारतातही तो तग धरून असल्याचा पुरावा मिळाला. तिघांचं खाणं वेगळं, आकार वेगळे, पाण्याचा वेग वेगळा. पण तिघांनाही काठ लागतो.

हे काम मी शिकले ते कोकणात नाही, तमिळनाडूत वालपारैच्या पठारावर. तिथे मैलोन् मैल चहाचे मळे आहेत आणि त्यांच्या मधून ओढे वाहतात. आखूड नख्यांचा ऊद या मळ्यांमधूनही वावरतो, हे तिथल्या अभ्यासकांनी आधीच दाखवून दिलं होतं. मला सांगितलं गेलं ते एवढंच : ओढ्यात उतर, प्रत्येक दगड बघ, दोन्ही काठ बघ आणि लिही. पहिल्या काही दिवसांत मी फक्त विष्ठा शोधायला शिकले. लहान उदाची विष्ठा हातात घेतली की चुरा होते, कारण तिच्यात खेकड्याच्या कवचाचे बारीक तुकडे भरलेले असतात. मग हळूहळू ध्यानात येऊ लागलं की ती सगळीकडे सारखी मिळत नाही. मळा थेट पाण्यापर्यंत आलेला, झुडूप-गवत काढून काठ साफ केलेला, तिथे एकही खूण नाही. त्याच ओढ्यावर, थोड्या अंतरावर, उंच गवत वाढू दिलेलं, दगड जिथल्या तिथे, पाणी कधी खोल कधी उथळ, कधी वळण घेणारं. तिथे खुणाच खुणा. पाणी तेच होतं, खेकडेही तेच असणार. फरक होता तो काठावरच्या दहा-पंधरा पावलांच्या पट्ट्याचा. माझ्या पुढच्या सगळ्या कामाची दिशा त्या पट्ट्यानं ठरवली.

कोकणात परतले तेव्हा मनानं वाशिष्ठी निवडली, कारण ती लहानपणापासून ओळखीची आणि तरीही कोडं घालणारी नदी आहे. सह्याद्रीच्या कड्यातून तिवऱ्याच्या बाजूनं उतरते, चिपळुणाला वळसा घालते, पुढे खेडकडून येणाऱ्या जगबुडीला पोटात घेते आणि दाभोळच्या खाडीनं समुद्राला मिळते. कोकणातल्या बहुतेक नद्या मार्च-एप्रिलपर्यंत डबक्यांच्या माळा होतात. वाशिष्ठी तशी होत नाही. घाटमाथ्यावर कोयनेचं पाणी अडवून बोगद्यांनी पश्चिमेला सोडतात, पोफळी आणि कोळकेवाडीला वीज तयार होते आणि वापरलेलं पाणी, ज्याला इथला प्रत्येक माणूस अवजल म्हणतो, ते वाशिष्ठीत येतं. कृष्णा पाणीवाटप लवादानं या पश्चिमेकडच्या वाटेसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी ठरवून दिलेलं आहे. म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी अरबी समुद्राकडे जाताना आमच्या नदीला भर उन्हाळ्यात वाहती ठेवतं. त्यामुळे डोहांत मासे टिकतात, आणि माशांमुळे ऊद.

पण अवजलाची दुसरी बाजू काठावर चालणाऱ्यालाच कळते. वीजनिर्मिती वाढली की पाणी चढतं, कमी झाली की उतरतं. चिपळुणाच्या खाली तर भरती-ओहोटीही त्यात मिसळते. एखादी वाळूची पट्टी सकाळी उघडी, दुपारी गायब. उदांनी याच्याशी कसं जमवून घेतलं हे समजायला मला बरेच मोसम लागले. त्यांच्या लोळण्याच्या आणि विष्ठेच्या जागा उघड्या वाळूवर असतात, पण राहती बिळं बहुतेक वेळा पाणी चढून जातं त्या रेषेच्या वर, वाळुंज, करंज किंवा उंबराच्या मुळांनी घट्ट धरलेल्या दरडीत, नाहीतर मोठ्या धोंड्यांच्या ढिगात. बिळापासून पाण्यापर्यंतची वाट झुडपांच्या आडून जाते. म्हणजे उदाच्या घराला तीन खण असतात म्हणा ना : खाली मासळीचं पाणी, मध्ये कोरडी वाळू, वर आडोशाची दरड. यातला एक खण काढून घेतला तरी उरलेले दोन त्याच्या कामाचे राहत नाहीत.

शोधायची पद्धत साधी आहे, चिकाटीची आहे. पहाटे, ऊन चढायच्या आत निघायचं, कारण ठसे ओले असतानाच नीट दिसतात. कुत्र्याच्या पावलाला चार बोटं उमटतात, उदाला पाच, आणि मऊ चिखल असेल तर बोटांमधल्या पडद्याची पुसट रेघही दिसते. दोन प्रवाह मिळतात ती जागा, नदीच्या मधोमध वर आलेला कातळ, वळणावर साचलेली वाळू, इथे थांबून बघायचं. मऊ केसांच्या उदांचं अख्खं कुटुंब ठरावीक जागीच विष्ठा करतं. ती माशांच्या खवल्यांनी चकाकते आणि तिचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. त्या वासातून कोण आलं, कधी आलं, ही जागा कुणाची, हे दुसऱ्या उदांना कळतं. मी तिथली जागा उपकरणात नोंदवते, फोटो काढते, वाळलेली विष्ठा कागदी पाकिटात घेते. मग काठ लिहिते : दरड किती उंच, झाडं कोणती, वाळू आहे की गोटे, पलीकडे शेत आहे की रस्ता, किती अंतरावर माणसांची वर्दळ. वहीतली ही काठाची पानं मला सगळ्यांत मोलाची वाटतात. ऊद आज दिसेल, उद्या दिसणार नाही. पण तो इथे राहू शकेल का, याचं उत्तर त्या पानांत असतं.

प्रत्यक्ष दिसतात तेव्हा मात्र वही खाली राहते. हिवाळ्यातल्या एका सकाळी चिपळुणाच्या वरच्या अंगाला एक कुटुंब प्रवाहाविरुद्ध शिकार करत येताना पाहिलं. एका तिरक्या ओळीत पसरलेले, मासे पुढे हाकलत आणलेले, आणि उथळ जागी पोचताच पाण्याचा नुसता कल्लोळ. पिल्लं मागे, शेरणीच्या झुडपांत, सारखी शीळ घालत होती. मोठ्यांपैकी एक बाहेर आला, मागच्या पायांवर उभा राहून त्यानं चौफेर पाहिलं, नाकानं फुरफुर आवाज केला आणि क्षणात सगळी ओळ पाण्याखाली. थोड्या वेळानं पलीकडच्या वाळूवर मगर पसरलेली दिसली. वाशिष्ठीत आणि जगबुडीत मगरी पुष्कळ आहेत. ऊद आणि मगर एकाच डोहात, त्याच माशांवर जगतात. कुटुंब मोठं असेल तर ऊद मगरीलाही दबून राहत नाहीत. दोघांनाही उन्हाला तीच वाळू लागते. जिथे वाळू पुरेशी, तिथे दोघंही दिसतात. जिथे ती खरवडून नेलेली, तिथे दोघांपैकी कुणीच नाही.

या कामात मला सर्वांत जास्त शिकवलं ते नदीवर पोट असणाऱ्यांनी. खालच्या अंगाला भोई कुटुंबं पाग टाकतात, रात्री जाळी लावून ठेवतात. एका घरातले काका माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते रागानंच. "बाय, उदांनी काल रातच्याला जाळं फाडलानी. अर्धं मासं खाल्लानी, अर्धं टाकलानी. तू त्यांचं घर बघत फिरतेस, आमचं जाळं कोण बघील?" याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं आणि आजही नाही. नायलॉनचं जाळं महाग, शिवायला दिवस जातो, आणि मी ज्या घरांत बसले त्यांपैकी कुणालाही फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळालेली नव्हती. मी त्यांच्याबरोबर होडीत बसायला लागले. कोणत्या जागी जाळी फाटतात, कोणत्या महिन्यात, किती वेळ जाळं पाण्यात राहिल्यावर, हे आम्ही मिळून लिहू लागलो. बिळांपासून जवळ, रात्रभर तसंच राहिलेलं जाळं जास्त फाटतं, हे काकांनीच पहिल्यांदा बोलून दाखवलं. त्यांनी जागा बदलली, जाळं उचलायची वेळ अलीकडे आणली. नुकसान थांबलं नाही, पण कमी झालं, असं ते सांगतात.

त्याच काकांकडून मी नदीचा मागचा इतिहास ऐकला. कोणत्या कोंडात, म्हणजे डोहात, किती पुरुष पाणी होतं, कोणत्या बेटावर उदांची पिल्लं हमखास दिसायची, कुठल्या वळणावर केवड्याचं बन होतं. त्यांच्या बोलण्यातून मला समजलं की उदांचा त्रास वाढला असं त्यांना वाटतं त्या काळात प्रत्यक्षात मासेच घटले आहेत. डोहांत कुणी स्फोट घडवून मासे मारतात, कुणी ब्लीचिंग पावडर टाकतात. मोठ्यांबरोबर पिल्लं, अंडी, किडे, खेकडे सगळं मरतं. खाडीत रसायनमिश्रित पाणी उतरल्यावर मेलेल्या माशांचा खच काठाला लागलेला मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवशी काकांच्या घरात चूल पेटली ती उसन्या तांदळावर. मासे कमी झाले की उरलेल्या मासळीसाठी माणूस आणि ऊद एकाच जाळ्यापाशी येतात. भांडण त्या दोघांचं दिसतं, पण त्याचं मूळ दोघांच्याही हातात नाही.

चिपळुणाजवळच्या गोवळकोटच्या खाली नदी रुंद होते, पाणी मचूळ होतं आणि काठ चिखलाचा होतो. तिवर, चिपी, कांदळ आणि काटेरी मारंडी. इथे चालणं म्हणजे गुडघाभर चिखल, वर डास आणि डोळा सतत भरतीच्या वेळेवर. उधाणाच्या दिवसांत विष्ठेच्या जागा धुऊन जातात, भांगाच्या दिवसांत सलग मिळतात, म्हणून खाडीतली पाहणी मी तिथी बघून ठरवते. इथे मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. उदांच्या खुणा खारफुटीत सर्वत्र विखुरलेल्या नसतात. डोंगरातून येणारा एखादा गोड्या पाण्याचा पऱ्या जिथे खाडीला मिळतो, तिथे त्या दाटतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर समुद्रात शिकार करणाऱ्या उदांचा अभ्यास झाला आहे. केसांतलं मीठ धुवायला त्यांना गोड्या पाण्याची डबकी लागतातच, असं तिथे दिसलं. मीठ राहिलं तर केस ऊब धरत नाहीत. आमच्या जातीसाठी मी तेवढ्या ठामपणे बोलणार नाही, पण पऱ्याच्या तोंडाशी जमलेल्या खुणा मला त्याच दिशेनं विचार करायला लावतात. म्हणून एखादा बारीकसा पऱ्या मोरीत कोंडला, बुजवला, की मला खाडीतल्या उदांची काळजी वाटते. नकाशावर तो पऱ्या दाखवतही नाहीत.

खाडीकाठच्या खाजणांनी मला आणखी एक धडा दिला. गोव्यात मांडवीच्या पात्रात चोडण बेट आहे. त्याच्या टोकाला खारफुटीत डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. तिथले ऊद त्या अभयारण्याच्या कुंपणात राहत नाहीत. ते खाजणाच्या बांधांवर येतात, मानशीच्या दारापाशी मासे धरतात, भातखाचरांच्या कडेनं फिरतात. खाजण म्हणजे माणसानं शतकानुशतकं राखलेली जागा. मातीचा बांध, भरती-ओहोटीबरोबर उघडझाप करणारं दार, पावसाळ्यात भात, नंतर मासळी. आमच्या रत्नागिरी-रायगडच्या खारजमिनींनाही उघाडी असते, बांध असतो. बांध धरला नाही आणि तो फुटला की शेत जातं. बांध सिमेंटचा केला की दरड जाते, गवत जातं, उदाला बसायला जागा उरत नाही. मातीचा, दरवर्षी गावानं मिळून डागडुजी केलेला बांध शेतकऱ्यालाही सांभाळतो आणि उदालाही. माणसाचा हात लागलेली प्रत्येक जागा उदाला परकी होते असं नाही, हे मला चोडणला पटलं. तो हात काठावर कसा पडतो, यावर सारं आहे.

आणि इथेच मला २२ जुलै २०२१ बद्दल बोलायला हवं. त्या दिवशी वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं. २००५ च्या पुराची आठवण लोकांच्या मनात होतीच, हा त्याहून भयंकर होता. माणसं गेली, बाजारपेठ चिखलात गेली, आयुष्यभराची कागदपत्रं, धान्य, औषधं, गुरं वाहून गेली. मी ज्यांच्या ओट्यावर बसून चहा पीत होते त्या घरांत माळ्यापर्यंत पाणी होतं. त्यानंतर नदी मोकळी करा, गाळ काढा, अशी मागणी गावानं केली आणि आंदोलनही केलं. ती मागणी मी समजू शकते. रात्री पाऊस वाढला की मीही उठून पाण्याचा आवाज ऐकते. पुढच्या उन्हाळ्यांत पोकलेन आणि डंपर पात्रात उतरले. वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ निघू लागला, मधली बेटं कापली गेली.

गाळ काढू नका, असं मी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. शहर वाचलंच पाहिजे. पण त्या मोसमात माझ्या वहीतल्या काठाच्या पानांना पहिल्यांदाच एक वेगळं महत्त्व आलं. एका बैठकीला मी ती घेऊन गेले. कामाच्या आराखड्यात नदीचा काटछेद काढलेला असतो. त्यात पात्र म्हणजे एक चौकट, आणि काठ म्हणजे तिची एक सरळ रेघ. मी म्हटलं, ही रेघ नाही, हा पट्टा आहे, आणि यात अमुक ठिकाणी बीळ आहे, अमुक ठिकाणी लोळण आहे. प्रवाहाला अडणारा गाळ मध्ये आहे. तो काढायला दोन्ही काठ खरवडायची गरज आहे का? यंत्र एकाच बाजूनं उतरवता येईल का? मुळांनी धरलेली दरड ठेवता येईल का? आमच्याकडे पिल्लं साधारण पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्याच्या सुमारास होतात, आणि पात्रातली कामंही नेमकी पाऊस थांबला की सुरू होतात. बिळं असलेल्या तुकड्यांतलं काम दोन-तीन महिने पुढे ढकलता येईल का? तिथल्या एका तरुण अभियंत्यानं मला पुढे बोलावून नकाशावर जागा दाखवायला सांगितलं. काही जागी काठ राहिला, काही जागी राहिला नाही. राहिला तिथे पुढच्या वर्षी मला ठसे मिळाले. जिथे उभी भिंत आली तिथे नदी आजही वाहते, मासेही आहेत, पण काठ लिहायच्या पानावर मी फक्त भिंतीची उंची लिहिते.

मुळांनी धरलेली दरड हा उदांपुरता विषय नाही. पुराच्या वेगापुढे दरड माती सोडते ती आधी झाडं गेलेल्या जागी. वाळुंज, करंज, शेरणी, पाणजांभूळ ही पुरात वाकणारी आणि पुन्हा उभी राहणारी झाडं आहेत. त्यांची मुळं दरड शिवून ठेवतात. काठ खचला की तीच माती पुन्हा पात्रात गाळ म्हणून बसते आणि पुन्हा यंत्रं येतात. म्हणजे उदाला जो काठ हवा तोच शहरालाही परवडणारा आहे.

गेलेला काठ परत आणता येतो का, असं मला पुष्कळदा विचारतात. सिंगापूरचं उदाहरण मी देते, कारण ते आमच्याच जातीच्या उदांचं आहे. तिथल्या नद्या एके काळी गटारं झाल्या होत्या. १९७७ पासून दहा वर्षं त्यांची सफाई चालली. तिथून नाहीसे झालेले ऊद १९९८ च्या सुमाराला परत येऊन स्थिरावले. कुणी आणून सोडले नव्हते. पुढे बिशानच्या उद्यानात कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा काँक्रीटचा कालवा फोडून त्याजागी ३.२ किलोमीटरची वळणावळणाची, गवताच्या उताराची नदी केली गेली. २०१२ मध्ये ते काम पुरं झालं. काही वर्षांतच तिथे उदांचं एक कुटुंब नांदू लागलं आणि सगळ्या शहराला त्याचा लळा लागला. दाटीवाटीच्या शहरानं पुराचं पाणी वाहून नेण्याची सोय ठेवूनच काठ मऊ केला. आमच्याकडे तर बहुतेक नद्यांना काठ अजून आहे. फोडायला फारसं काँक्रीट नाही, फक्त नवं ओतायचं थांबायचं आहे.

आणि आपल्याकडेही याची जुनी रीत आहे. महाड तालुक्यातल्या वाळणकोंडात देवीचे मासे आहेत, ते कुणी मारत नाही. सह्याद्रीत अशा राखलेल्या कोंडांच्या काठाला बहुतेक ठिकाणी देवराई असते. झाड तोडायचं नाही, दगड हलवायचा नाही. मासा राखायचा तर काठ राखावा लागतो, हे त्या माणसांना ठाऊक होतं. त्यांनी ते देवाच्या नावानं राखलं. आपल्याला ते ग्रामसभेच्या ठरावानं, नदीच्या आराखड्यात एक जास्तीची ओळ लिहून राखता येईल.

या वर्षापासून आम्ही काठाची वही गावांच्या हाती द्यायला सुरुवात केली आहे. शाळेतली मुलं आणि जाळी टाकणारी माणसं आपापल्या वळणाचा नकाशा करतात : वाळू कुठे, दरड कुठे, जुनी झाडं कोणती, पऱ्या कुठे उतरतो, ठसे कुठे मिळाले. ज्या काकांनी मला जाळ्याचा हिशोब विचारला होता, त्यांच्या नातवानं त्यांच्या वळणाचा नकाशा केला आहे आणि त्यात आजोबांची जाळ्याची जागा आणि उदांची बिळं दोन्ही आहेत. नदीत पुढचं कोणतंही काम निघेल तेव्हा हे नकाशे आधी टेबलावर यावेत, पूररेषेच्या नकाशाशेजारी ठेवले जावेत, एवढं माझं मागणं आहे. ऊद कुठे राहतात हे आता आम्हाला वळणावळणानिशी सांगता येतं. त्यांनी तिथे राहायचं की नाही, हे ज्याच्या हातात काटछेदाची पेन्सिल आहे त्याला ठरवायचं आहे, आणि ती रेघ दहा पावलं मागे घेणं त्याला आजही शक्य आहे.